एवढंसं तर घ्या!

'सणासुदीला तुम्ही कसं सांभाळता हो?' हा प्रश्न मला गणपतीच्या सुमारास यायला लागतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत येत राहतो. माझी पात्रता एवढीच की दहाएक किलो वजन उतरलं आणि ते परत चढलं नाही. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. डोंबिवलीहून रोज लोकलने फोर्टला जाणारी नोकरदार बाई आहे. विचारणाऱ्यांना डाएटचा तक्ता नकोच असतो म्हणा. 'डॉ. दीक्षितांचं डाएट की ऋजुता दिवेकरांचं?' हे विचारून होतं, आणि मग आवाज जरा खाली आणून खरा प्रश्न येतो: 'लोक आग्रह करतात तेव्हा नाही कसं म्हणता?'

तर आधी त्याचंच सांगते.

'मी डाएटवर आहे' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. ते काढलंत की खोलीतला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. एका काकूंच्या भाच्याचे डाएटने केस गळलेले असतात. दुसऱ्या म्हणतात, 'एका लाडवाने काय होतंय?' तिसऱ्या तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि 'बारीकच तर आहेस' असा निकाल देतात. ही चर्चा संपेपर्यंत तुमच्या बशीत दोन लाडू येऊन बसलेले असतात, आणि आता ते ठेवणं म्हणजे माज.

आग्रह करणाऱ्या बाईला तुमच्या पोटाशी काही देणंघेणं नसतं. चार दिवस गॅससमोर उभं राहून केलेल्या कामाची तिला दाद हवी असते, आणि ती मागण्यात गैर काहीच नाही. म्हणून मी एक चकली घेते, तिच्यासमोर खाते आणि मोडताना जो आवाज येतो त्यावर बोलते. 'काय खुसखुशीत झालीय! मोहन किती घातलंत?' मोहनाचा विषय काढला की सुगरण बाईची दहा मिनिटं तरी जातात. मोहन कमी पडलं तर चकली कडक होते, जास्त झालं तर तेलात विरघळते, भाजणी यंदा गिरणीवाल्याने कशी जाडसर दिली, पहिला घाणा कसा फसला. या दहा मिनिटांत बशी कुणाच्या लक्षात राहत नाही. यात लबाडी नाही, मला खरंच ऐकायचं असतं. माझ्या चकल्या गेली कित्येक वर्षं दगड होतात.

पंगतीत मात्र गप्पांनी भागत नाही, तिथे वेळ साधावी लागते. पानात टाकायचं नाही हे आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे, त्यामुळे वाढप्याची पळी वाकली की संपलं, पडलेली जिलबी खावीच लागते. हात आडवा करायचा तो त्याच्या आधी. वाढपी दोन पानं अलीकडे असतानाच मी 'मठ्ठा येऊ दे' म्हणून सांगते. काहीतरी मागितलं की वाढणाऱ्याला बरं वाटतं. कोशिंबीर दोनदा मागून घेते, वरणभात लिंबू पिळून नीट जेवते, आणि गोड वाढणारा पान-दोन पान पुढे जातो. माझ्या एका मावससासूबाईंना हे कळलेलं आहे. त्या मागच्या बाजूने येऊन वाढतात. त्यांच्यावर उपाय नाही. त्यांनी वाढलेलं मी खाते.

आणखी एक फरक मी करते, हातचं आणि विकतचं. कुणाच्या हातचं असेल ते एक तरी खायचंच. ऑफिसात दिवाळीआधी येणारे ते खोक्यातले रंगीत बर्फीचे तुकडे, सोसायटीच्या गणपतीत आरतीनंतर वाटले जाणारे वेफर्स आणि थंड पेय, ट्रेनमधल्या वाढदिवसांचा क्रीमचा केक, हे मी बिनदिक्कत पुढच्या हातात देते. लेडीज डब्यात हे फार सोपं जातं. दसऱ्याला गाडीची पूजा होते, दाराला झेंडूच्या माळा, खिडकीखाली रांगोळी, आणि मग पेढ्यांचा पुडा फिरतो. त्यातला अर्धा पेढा प्रसाद म्हणून तोंडात टाकायचा आणि पुडा पुढे. मागे उभ्या असलेल्या चौघींना तो हवाच असतो. आता कुणी म्हणेल, फराळ तर हल्ली सगळेच विकत आणतात. खरंय. पण आमच्याकडे करंज्या करून देणाऱ्या ताई आहेत, त्यांच्या हातची मुरड मी ओळखते. त्या माझ्या हिशेबात हातच्याच.

'बारीकच तर आहेस' यावर मात्र मला गप्प बसवत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक शेजारीशेजारी उभा असलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंची आणि वजन यांच्या प्रमाणावरून निघणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मोजली तर साहेबांच्या 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या 21.2 टक्के. आपल्याकडची माणसं बारीक दिसतात आणि आतून, विशेषतः पोटाभोवती, चरबी बाळगून असतात, हे याज्ञिकांनी पुण्यात जन्मलेल्या बाळांपासून दाखवून दिलं आहे. म्हणून आपल्याकडे बाईच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हा म्हणतात. काट्यापेक्षा मी शिलाईच्या टेपवर जास्त विश्वास ठेवते. ब्लाऊज त्याहून जास्त खरं बोलतं.

आता माझं खरं म्हणणं. मला विचारणारे सगळे सणाच्या दिवसाला घाबरतात. मी त्या दिवसाला अजिबात घाबरत नाही. मला धास्ती असते ती डब्यांची.

उकडीचा मोदक बघा. सकाळी उकड काढली, दुपारी नैवेद्य, संध्याकाळी उरलेले कडक. दुसऱ्या दिवशी त्यात राम नाही. असा पदार्थ माणूस किती खाईल? मी गणेश चतुर्थीला तीन मोदक वरून तूप घालून खाते आणि त्या दिवशी रात्री जेवत नाही, कारण भूकच नसते. गौरीची पुरणपोळी दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून खाल्ली की संपते. हे पदार्थ स्वतःच संपतात. फराळाचं तसं नाही. पाण्याचा अंश जवळजवळ काढून टाकलेला, साखरेत नाहीतर तेला-तुपात मुरवलेला पदार्थ हा टिकण्यासाठीच केलेला असतो. पूर्वी पाव्हणे पंधरा-पंधरा दिवस येत राहायचे, तेव्हा त्या टिकण्याला अर्थ होता. आता पाव्हणे भाऊबीजेला दुपारी दोन तास येतात आणि डबे मात्र महिनाभर ओट्यावर.

घरच्या प्रमाणावरून एकदा हिशेब मांडला होता. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, 400 ग्रॅम पिठीसाखर. यात आमच्याकडे तीसएक लाडू वळले जातात. ग्रॅमला तुपाच्या 9 कॅलरी, साखरेच्या 4, बेसनाच्या साधारण पावणेचार असं धरलं तर एका लाडवाला 190 येतात. म्हणजे सकाळच्या पोह्यांच्या एका बशीच्या जवळपास. अंगावर एक किलो चरबी चढायला 7,700च्या आसपास कॅलरी जास्तीच्या लागतात असं ढोबळ गणित आहे, म्हणजे रोजच्या जेवणाच्या वर चाळीस लाडू. एका दिवसात कोण खातं चाळीस लाडू? पण ऑफिसातून आल्यावर चहाबरोबर एक, रात्री टीव्हीपुढे एक, मधे कधीतरी चिवड्याची मूठ, आणि तीन आठवड्यांत तेवढे सहज होतात. 'एका लाडवाने काय होतंय' हे काकूंचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. फक्त तो एक लाडू रोज असतो.

अमेरिकेतही याच प्रश्नावर एक प्रसिद्ध अभ्यास झाला आहे, 2000 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला. नोव्हेंबर ते जानेवारीच्या त्यांच्या सणांत 195 जणांचं वजन मोजलं, तर वाढ सरासरी 370 ग्रॅमच निघाली. सगळ्यांना वाटत होतं त्यापेक्षा कितीतरी कमी. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती उतरलीच नव्हती. दरवर्षी एवढंसं चढत गेलं तर वीस वर्षांनी माणूस कुठे जाईल, ते ज्याने त्याने बघावं.

या बाबतीत मला गोव्याची दिवाळी जास्त शहाणी वाटते. माझी एक मावशी फोंड्याला असते. तिथे नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं, पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावला, की मग फोव, म्हणजे पोहे. नारळाच्या रसातले गुळाचे, ताकातले, फोडणीचे, बरोबर उसळ. शेजारीपाजारी एकमेकांकडे जाऊन फोव खातात आणि दुपारी सगळं आटोपतं. पोहे काही डब्यात ठेवता येत नाहीत. मीही आता आमच्याकडे पहिल्या अंघोळीनंतर फराळाच्या ताटाआधी ताकातले पोहे ठेवते. रिकाम्या पोटी चकली हातात आली तर ती एकटी कधीच जात नाही.

मग डब्यांचं काय करते? फराळ निम्म्याने करते, आणि तोही धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. आधी आठवडाभर केला की सणाआधीच खाऊन होतो. करताना चव बघण्याचा मोह मोठा असतो: तुटकी चकली, फुटलेली करंजी, चिवड्यात वर आलेले खोबऱ्याचे काप. तुटकं-फुटकं एका वाटीत टाकते आणि ती वाटी घरात जो बारीक असेल त्याच्या हवाली करते. सध्या तो मुलगा आहे. भाऊबीज झाली की डबे ओट्यावरून माळ्यावर. खाली काढायला स्टूल लागतं, आणि स्टुलावर चढण्याइतकी लाडवाची भूक रोज लागत नाही. शेजारून आलेलं ताट रिकामं परत द्यायचं नसतं, त्यामुळे आमच्या मजल्यावर फराळ नुसता फिरत असतो. एका वर्षी आमचेच शंकरपाळे तीन घरं हिंडून आमच्याकडे परत आले. त्यांची टोकं झिजली होती, पण मी ओळखले.

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतं, एका संध्याकाळी चार-पाच घरं. तिथे डॉ. दीक्षितांचं म्हणणं उपयोगी पडतं: दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत, मधे काही नाही. मी ते एरवी पाळत नाही. पण त्या संध्याकाळी एका घरात बसून नीट खाते, बाकी घरी तिळगूळ हातात घेऊन वाण बघते. कुणाच्या घरी खायचं ते आधी ठरवलेलं असतं. ज्यांच्याकडे मटार-करंजी असते, त्यांच्याकडे.

उपासांविषयी फार बोलत नाही, कारण 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे आपल्या पूर्वजांनीच म्हणून ठेवलं आहे. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. त्यावर तूप, दाण्याचं कूट, बटाटा. नवरात्रात मी भगर आणि दाण्याची आमटी खाते, आणि खिचडी एकदाच, अष्टमीला, मनसोक्त. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी मात्र उपास आणि मेजवानी दोन्हीआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, माझं ऐकू नये.

'पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर गेला, आता काय करू?' हाही फोन येतो. काही करू नका, काट्यावर चढू नका. मिठाचं, गोडाचं खाल्लं की अंगात पाणी साठतं. शरीर साठवून ठेवतं त्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. रोजची भाजी-भाकरी, वरणभात सुरू झालं की ते चार-पाच दिवसांत निघून जातं. त्या घाबरण्यात लोक दुसऱ्या दिवशी उपाशी राहतात आणि संध्याकाळी माळ्यावरचा डबा काढतात. मी काट्यावर उभी राहते ती तुळशीचं लग्न झाल्यावर.

तोवर लग्नसराई सुरू झालेली असते. बुफेचं मला ओझं वाटत नाही, तिथे वाढायला मावससासूबाई नसतात. आधी हातात ताट न घेता सगळ्या टेबलांवरून एक चक्कर मारते, पास्ता आणि चायनीजचे काउंटर मागे टाकते, कारण ते शनिवारी स्टेशनबाहेरही मिळतं. अळूची भाजी, मसालेभात आणि काकडीची कोशिंबीर असेल तर तिथेच थांबते. नवरा तोवर आइस्क्रीमच्या रांगेत उभा असतो. त्याच्या कपातले दोन चमचे माझे. त्याला ते माहीत असतं, म्हणून तो हल्ली दोन गोळे घेतो.