लोणच्याशेजारची इंजेक्शनं

आमच्या फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्याशेजारी कितीतरी महिने इंजेक्शनं होती. रात्री नऊच्या ठोक्याला नवरा माझ्या पोटाची चिमूट धरायचा आणि मी छताकडे बघत आकडे मोजायचे. तीन वेळा आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याचा उपचार) केलं. लेक आता सात वर्षांची आहे.

गेल्या महिन्यात सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर गाठ दिसली आणि ती सगळी इंजेक्शनं डोळ्यांपुढे उभी राहिली : त्यांच्यामुळेच कॅन्सर तर नाही ना झाला? माझी मावशी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. गंमत म्हणजे (कसली गंमत!) तिनं असले उपचार कधीच घेतले नव्हते.

डॉक्टरांनी मावशीबद्दल खोदून खोदून विचारलं. म्हणाल्या, मूल न होणं हेच मुळात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढवतं, त्यामुळे औषधांचा वाटा वेगळा काढणं अवघड. स्तनांच्या कॅन्सरबाबत मात्र नेदरलँड्समध्ये 25,000हून जास्त बायकांची सुमारे 21 वर्षं नोंद ठेवली. 2016 साली निष्कर्ष आला : आयव्हीएफमुळे धोका वाढलेला दिसला नाही.

गाठ साधी, पाण्याची निघाली. जनुकीय तपासणीसाठी रक्त दिलंय. रिपोर्ट यायचाय.