देवगडचा सर्व्हर आणि कणकवलीचं रियलटेक कार्ड

ईएसएक्सआय म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणारी व्हीएमवेअर कंपनीची सिस्टीम. तिला रियलटेकचं नेटवर्क कार्ड आपलं आपण चालत नाही हे या धंद्यातल्या बहुतेकांना माहीत असतं, आणि त्यावर ठरलेलं उत्तर म्हणजे "इंटेलचं घे की". बरोबर आहे, मुंबई-पुण्यातल्या मित्रांना मीपण हेच सांगतो. पण देवगडात बसून हे उत्तर फार उपयोगाचं नाही. कणकवलीच्या दुकानात गिगाबिट कार्ड मागितलं की समोर येतं ते रियलटेकच, आरटीएल ८१११ चिपवालं, पाचसहाशे रुपयांचं. इंटेलचं हवं तर ऑनलाइन मागवा, मग कुरियरवाला नांदगाव तिठ्यापर्यंत आला तरी फोन करून विचारणार की तुम्हीच येऊन घेऊन जाल का. आणि वर ते इंटेल खरं की नकली हेपण बघायचं, कारण नकली इंटेल कार्डांचा बाजारात सुळसुळाट आहे.

तर मामाचा आंब्याचा व्यवसाय आहे देवगडला, आणि त्याच्या ऑफिसात आठव्या पिढीच्या आय५ चा एक जुना डेस्कटॉप मी ईएसएक्सआय ६.७ टाकून लावून दिला होता. त्यावर एका विंडोज व्हीएममध्ये (म्हणजे आभासी संगणकात) टॅली, दुसऱ्यात पेट्यांच्या बुकिंगचा डेटाबेस आणि तिसऱ्यात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. मस्त चालू होतं सगळं. मग मे अखेरीला वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली, आणि बोर्डावरचा लॅन पोर्ट गेला. कोकणात हे नवीन नाही, केबलमधून झटका येतो आणि राऊटर, स्विच, लॅन पोर्ट असं जे काय जोडलेलं असेल ते जातं. मशीन बाकी धडधाकट. मामाने माझी वाट न बघता कणकवलीहून कार्ड आणून स्लॉटमध्ये बसवूनपण टाकलं, कार्डावरचा दिवा लागला, आणि स्क्रीनवर मात्र नेटवर्क अडॅप्टर सापडत नाही असा मेसेज.

मामाचा फोन. "अरे लाईट लागता, पंखो फिरता, मगे बिघाड खय आसा?"

बिघाड नव्हताच. कार्ड चांगलं होतं, मशीन चांगली होती, फक्त मधला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्हता. "मगे ह्या परत देवन येव काय?" म्हणाला. म्हटलं थांब, मी येतो.

पहिलं काम म्हणजे कार्डावर नक्की कुठली चिप आहे ते बघणं. डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. कन्सोलवर एफ२ दाबून ट्रबलशूटिंगमध्ये ईएसएक्सआय शेल चालू करायचं, मग आल्ट आणि एफ१ दाबून आत जायचं आणि एलएसपीसीआय ही जोडलेल्या कार्डांची यादी देणारी कमांड चालवायची, एन लावून, म्हणजे नावाऐवजी आकडे दिसतात. त्यात रियलटेकचा वेंडर आयडी १०ईसी असतो आणि पुढचा आकडा चिपचा. ८१६८ दिसलं तर ८१११ किंवा ८१६८ घराण्यातलं कार्ड, या दोघांचा आयडी एकच आहे. ८१२५ दिसलं तर ते अडीच गिगाबिटवालं, त्याचा ड्रायव्हर वेगळा. आणि इंटेलचा वेंडर आयडी ८०८६ आहे, ज्यांनी कॉलेजात ८०८६ चं असेंब्ली रट्टा मारून पास केलंय त्यांच्या तो कायम लक्षात राहील. आमच्याकडे आलं १०ईसी आणि ८१६८.

आता गंमत अशी की हा ड्रायव्हर ईएसएक्सआयमध्ये कधी नव्हताच असं नाही. ५.१ मध्ये तो सोबत यायचा. २०१३ मध्ये ५.५ आलं त्यात काढून टाकला. मग लोकांनी तो बाहेरून पॅक करून नेट५५-आर८१६८ नावाची व्हीआयबी फाइल, म्हणजे ईएसएक्सआयचं पॅकेज, केली आणि ती अगदी ६.७ पर्यंत चालली. का चालली, तर ईएसएक्सआयच्या पोटात व्हीएमके-लिनक्स नावाचा एक थर होता. लिनक्ससाठी लिहिलेला ड्रायव्हर या थरावर बसवला की व्हीएमवेअरच्या कर्नलशी, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याशी, बोलायला लागायचा, दुभाषासारखा. या थरावरून कोर्टबाजीपण झाली होती. क्रिस्टॉफ हेलविग या लिनक्स कर्नल डेव्हलपरने २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या कोर्टात व्हीएमवेअरवर लिनक्सचं जीपीएल हे खुल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मोडल्याचा दावा लावला, तो २०१६ मध्ये फेटाळला गेला, २०१९ मध्ये अपीलपण फेटाळलं गेलं. पण व्हीएमवेअरने तो थर काढणार असं सांगितलं आणि एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ७.० मधून तो गेलाच. ७.० साठी जगभरातल्या घरगुती सर्व्हरांमधली रियलटेक कार्डं एका फटक्यात निकामी झाली. हे माहीत नसेल तर माणूस ७.० वर ६.७ चा ड्रायव्हर घालायचा प्रयत्न करत रात्र काढतो, आणि तो बसणं शक्यच नसतं.

आमचं ६.७ होतं म्हणून मार्ग होता. नेटवर्कच नाही म्हटल्यावर फाइल सर्व्हरवर चढवणार कशी, म्हणून ड्रायव्हर आयएसओमध्येच, म्हणजे इन्स्टॉल करायच्या डिस्क-फाइलमध्येच, घालून घेतला. त्यासाठी विंडोज लॅपटॉपवर पॉवरसीएलआय (व्हीएमवेअरच्या कमांडचा संच) आणि ईएसएक्सआय-कस्टमायझर नावाची स्क्रिप्ट लागते. ६.७ चं ऑफलाइन बंडल द्यायचं, व्हीआयबी द्यायची, ती नवीन आयएसओ बनवून देते. यात दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे पॉवरसीएलआयची १३ नंबरची आवृत्ती असेल तर इमेज बनवायला पायथन ३.७ च लागतं, वरचं पायथन टाकलंत तर ते काय ऐकत नाही. मी १२ वरच राहिलो, विंडोजच्या जुन्या पॉवरशेल ५.१ वर ते निमूट चालतं. दुसरं म्हणजे ॲक्सेप्टन्स लेव्हल. व्हीएमवेअरकडे पॅकेजच्या चार पायऱ्या आहेत, सगळ्यात वर व्हीएमवेअर सर्टिफाइड आणि सगळ्यात खाली कम्युनिटी सपोर्टेड. आपला ड्रायव्हर तळातला, म्हणून इमेजची लेव्हल तिथपर्यंत खाली आणायला लागते, नाहीतर सहीच्या नावाने एरर. आणि बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, तो चालू असला तर तळातल्या पायरीचं पॅकेज घेऊन होस्ट उठतच नाही.

बाकी सोपं. पेनड्राइव्हवरून बूट करून अपग्रेडचा पर्याय निवडायचा, व्हीएमएफएस, म्हणजे व्हीएम साठवलेला डेटास्टोअर, जपून ठेवणारा. इथे घाईत एंटर दाबू नका, बाजूचाच पर्याय डेटास्टोअर पुसून टाकतो. रीबूट झाल्यावर व्हीएमएनआयसी० (कार्डाचं ईएसएक्सआयमधलं नाव) दिसलं, मॅनेजमेंटला आयपी मिळाला, आणि मामाच्या टॅलीतल्या वाशीच्या दलालांच्या उधाऱ्या जशाच्या तशा.

ड्रायव्हर घालणं हे तसं एका दुपारचं काम आहे. त्रास होतो तो पुढे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ६.७ चा सपोर्ट संपला म्हणजे सिक्युरिटी पॅच बंद, आणि ७.० वर जायला गेलो तर इन्स्टॉलरने स्पष्ट सांगितलं की या व्हीआयबीची गरज पूर्ण होत नाही, आधी ती काढा. काढली तर नेटवर्क जाणार. मग यूएसबीचा लॅन डोंगल लावला. त्याच्यासाठी व्हीएमवेअरच्याच इंजिनिअरांनी फ्लिंग म्हणून, म्हणजे सपोर्टशिवाय प्रयोगादाखल, नेटिव्ह ड्रायव्हर दिलेला आहे आणि त्यात चालणाऱ्या चिपांमध्ये आरटीएल ८१५३ पण आहे. म्हणजे रियलटेकच, पण स्लॉटात बसवलेलं चालत नाही आणि यूएसबीला लटकवलेलं चालतं. फक्त एक लोचा आहे, रीबूटनंतर तो डोंगल उशिरा जागा होतो आणि व्हर्च्युअल स्विच त्याला विसरून गेलेला असतो, त्यामुळे बूट होताना आपोआप चालणाऱ्या लोकल डॉट एसएच मध्ये दोनचार ओळी लिहून तो परत जोडून द्यायला लागतो. पुण्यात सर्व्हर वर्षातून एकदा रीबूट होत असेल, देवगडात जुलैमध्ये लाईट किती वेळा जाते विचारू नका, यूपीएसची बॅटरी संपली की रीबूट आलाच. त्या ओळी नसत्या तर मामाने मला दर पावसाला फोन करून जीव खाल्ला असता.

२०२५ मध्ये शेवटी ब्रॉडकॉमच्या (व्हीएमवेअर आता त्यांचीच) फ्लिंगमध्ये रियलटेकच्या स्लॉटवाल्या कार्डांसाठीपण नेटिव्ह ड्रायव्हर आला, ८.० साठी, ८१११ आणि ८१२५ दोन्ही धरून. सपोर्ट नाहीच, फ्लिंग ते फ्लिंग, पण दुभाषाशिवाय चालतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ८.० अपडेट ३ई बरोबर फुकटचं ईएसएक्सआयपण परत मिळायला लागलं होतं, त्याआधी वर्षभर ते बंदच केलेलं. तर आता ८.० वर तेच कणकवलीचं कार्ड परत कामाला लावलंय. मधल्या काळात ते मोकळ्या हवेत पडून होतं आणि खाऱ्या वाऱ्याने त्याच्या सोनेरी पट्ट्या हिरवट झालेल्या, खोडरबर घासून साफ केल्या आणि बसवलं. रात्रीच्या बॅकअपला गिगाबिटच्या जवळपास स्पीड मिळतोय, लिंक पडलेली नाही.

प्रॉक्समॉक्स (ईएसएक्सआयसारखीच, पण लिनक्सवरची सिस्टीम) का नाही टाकत असं विचारणारे असतीलच. टाकेन. त्याच्या लिनक्स कर्नलमध्ये आर८१६९ ड्रायव्हर आधीच असतो, ८१११ तो बिनबोभाट उचलतो. पण चालू सीझनमध्ये टॅलीची व्हीएम हलवायची माझी हिंमत नाही, आणि मामाची परवानगीपण नाही. शेवटची पेटी वाशीला गेली की बघू. तोपर्यंत ड्रायव्हरची झिप आणि तयार आयएसओ दोन पेनड्राइव्हवर कॉपी करून एक मामाच्या कपाटात ठेवलाय, सोबत कणकवलीहून आणलेलं आणखी एक कार्ड, आणि ढग गडगडायला लागले की आधी केबल उपटायची हे ऑफिसातल्या पोराला सांगून ठेवलंय.