लोहगावच्या दारात

शनिवार, जानेवारी. रात्री उशिरा.

दिल्लीतल्या धुक्यामुळे मावशीचं विमान आज फार उशिरा आलं. तोवर पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या दारात उभं राहायला मिळालं. घरी येऊन हे लिहायला बसले आहे, कारण बघितलेलं अजून डोक्यातून जात नाही. मला आता पक्कं वाटतंय, की निरोप आणि भेट बघायची तर माणसांच्या तोंडाकडे नव्हे, हातांकडे बघावं. तोंडं आपण सांभाळतो. आपण मराठी माणसं तर फारच.

जाणाऱ्यांच्या दाराशी एक कुटुंब होतं. मुलगा शिकायला परदेशी निघालेला, दिल्लीहून पुढचं विमान. वडिलांनी लटकवायचा छोटा काटा आणला होता. बॅग 23 किलोंच्या वर भरत होती. फुटपाथवरच ती उघडली, मेतकुटाची आणि थालीपिठाच्या भाजणीची पाकिटं बाहेर काढली, पुन्हा वजन केलं. आई म्हणत होती, "स्वेटर काढ, भाजणी राहू दे." शेवटी मेतकूट मुलाच्या जाकिटाच्या खिशात गेलं. त्या दहा मिनिटांत प्रेमाचा एक शब्द कुणी बोललं नाही. पासपोर्ट कुठे ठेवलास, पोचलास की मेसेज कर, उतरल्यावर आधी पाणी घे, एवढंच. पण वडील त्या बॅगेची चेन लागलेली असतानाही परत परत ओढून बघत होते, आणि त्यांची बोटं थरथरत होती.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. हातवारे नटाला शिकून करता येतात, पण हे भाव मन एकाग्र झाल्याशिवाय अंगावर उमटत नाहीत. चेनवरची ती बोटं म्हणजे वेपथू, थरथर. एकोणिसाव्या शतकात दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनीही हसण्याबद्दल असंच काही लिहून ठेवलं आहे: ओठांचे स्नायू आपल्या हुकमात असतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा हलत नाही. मला ही दोन्ही माणसं एकाच दारात उभी राहून बघणारी वाटतात.

आपल्याकडे पोचवायला आलेल्यांना आत सोडत नाहीत. तिकीट आणि ओळखपत्र दाखवायचं, दारावरच्या सुरक्षा दलाचा, सीआयएसएफचा, जवान दोन्ही ताडून बघणार, की निरोप संपला. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत खिडकीशी बोलता येतं, तसं इथे नाही. त्यामुळे बोलायचं ते सगळं त्या रांगेत उरकावं लागतं आणि हमखास राहून जातं. मुलगा आत गेल्यावर तो दिसेनासा झाला तरी आईबाबा काचेपाशी उभेच होते. रिकामी झालेली भाजणीची पिशवी आई घडी घालत होती, उलगडत होती, परत घडी घालत होती.

खरं तर पुण्याचे मोठे निरोप इथे होतच नाहीत. अमेरिकेला जाणारे बहुतेकजण मुंबईहून जातात, म्हणजे त्यांचं रडणं रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एक्स्प्रेस वेला निघालेल्या गाडीच्या दाराशी होतं. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, 1939 सालचा. धावपट्टी आजही त्यांचीच. नवं टर्मिनल जुलै 2024 पासून चालू झालं, तेव्हापासून जागा ऐसपैस आहे. जुन्या इमारतीत दुसऱ्याची भेट अंगावर येऊन आदळायची, आता लांबून नीट बघता येते.

येणाऱ्यांच्या बाजूला आयटीतली मुलंमुली भराभर बाहेर पडत होती, मान फोनमध्ये, पाय एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीकडे, कॅबसाठी. त्यांना न्यायला कुणी नव्हतं. मग साताऱ्याकडचं एक कुटुंब दिसलं. फौजेतला मुलगा सुट्टीवर येत होता. तीन वर्षांची असेल अशी त्याची लेक आज्जीच्या लुगड्याला धरून होती. तो समोर आला, पण ती काही पुढे होईना. आज्जी म्हणाली, "अगं तुजं पप्पा हायती, जा की." पोरीने आज्जीच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. तिचे पप्पा तिथे राहतात. कुणीतरी हसलं. तो नाही हसला. पाठीवरची बॅग न उतरवता तो दहा पावलं मागे गेला आणि त्याने तिथून व्हिडिओ कॉल लावला. आज्जीने फोन तिच्यापुढे धरला. ती फोनमधल्या पप्पांशी बोलली, मग तिने मान वर करून पलीकडे बघितलं, परत फोनमध्ये. तो एक एक पाऊल पुढे येत बोलत राहिला. शेवटी तिने फोन सोडून त्याच्या कॉलरला हात घातला. त्याची मानेची शीर तट्ट फुगली होती. ज्याने कुणी हे त्याला सुचवलं असेल, किंवा त्याचं त्यालाच सुचलं असेल, त्याला माझा नमस्कार.

त्यानंतर एक बाई बाहेर आल्या. सामान काही नाही, फक्त पर्स, घरातल्याच चपला. अंगावर बहुधा घरातलीच साडी. असं विमानाने येण्याचं कारण विचारावं लागत नाही. न्यायला दोन पुरुष आले होते. कुणी रडलं नाही, कुणी काही विचारलं नाही. थोरल्याने फक्त त्यांच्या हातातली पर्स काढून घेतली. त्यात वजन काय असणार! पण ती दिल्याबरोबर त्यांचे खांदे खाली आले. मी तेव्हा मागे वळून उभी राहिले. बघण्यालाही एक हद्द असते, आणि ती बाई चालत गाडीत बसेपर्यंत मला मागे बघावंसं वाटलं नाही.

मावशी आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिची पहिली वाक्यं: "एवढा वेळ उभी आहेस? जेवलीस का?" उत्तराआधीच तिने विमानात न खाल्लेलं सँडविच माझ्या हातात कोंबलं आणि तिची बॅग घ्यायला मी हात पुढे केला तर ती सोडेना. पार्किंगपर्यंत आम्ही दोघी ती ओढत भांडत आलो. सँडविच मी गाडीतच खाल्लं. उद्या तिला चतुःशृंगीला न्यायचं आहे, त्यामुळे आता झोपते.