"पण परवानगी कोणाची घ्यायची?"

"आत्या, पण परवानगी कोणाची घ्यायची?" भाचीनं आज एवढंसं तोंड करून विचारलं. लॅपटॉपवर जुन्या पुस्तकातला सायकलवाला साहेब. मिशा तिनं हलत्या केल्या होत्या. चाकं मात्र ढिम्म.

चित्र ब्रिटिश लायब्ररीचं. 2013 च्या डिसेंबरात त्यांनी जुन्या पुस्तकांतली दहा लाखांवर चित्रं फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर टाकली. घ्या, वाटेल ते करा! त्याच वर्षी आपला डिजिटल संग्रह वापरून काय करता येईल याची स्पर्धाही लावली. 2014 मध्ये 'गिफ इट अप' ही आणखी एक स्पर्धा सुरू झाली: ग्रंथालयांतली जुनी चित्रं घ्यायची आणि हलती करायची.

"कोणाचीच नको," म्हटलं तर तिला पटेना. एखादा फॉर्म असेलच ना!

तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे लेखक जाऊन 60 वर्षं उलटली की मजकूर कायद्यानं सगळ्यांचा. पण पान मागायला गेलं की अर्ज, ओळखपत्र, साहेबांची सही. स्कॅन मिळालंच तर चित्राच्या नाकावर शिक्का.

हक्क संपलेल्या जुन्या मासिकांतली चित्रं देऊन अशी स्पर्धा कोणी लावली तर पोरं तुटून पडतील. बक्षिसाला पुस्तकं मी देते. आहे कुठल्या ग्रंथालयाची तयारी?