नवीन कामगार संहिता: आधी एक पगारपत्रक तपासा

केंद्राच्या चारही कामगार संहिता (वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता यांचे एकत्रित कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले. सोलापूरच्या अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या कोणत्याही एचआरवाल्याच्या फोनवर तेव्हापासून पीडीएफचा पाऊस आहे. सगळ्या वाचत बसू नका. प्रत्येकीत तीन गोष्टी बघा: मसुदा आहे की अंतिम अधिसूचना, केंद्राची की राज्याची, आणि अंमल कोणत्या तारखेपासून. मसुद्यावर फक्त हरकती मागवलेल्या असतात, त्यावरून पगार बदलायचा नसतो. जुने नियमही संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालूच राहतात, म्हणून जुनी रजिस्टरं घाईने बंद करू नका.

मग एक पगारपत्रक समोर घ्या. समजा सुपरवायझरचा एकूण पगार ४०,००० आहे: मूळ वेतन व महागाई भत्ता १५,०००, घरभाडे १५,०००, प्रवासभत्ता १०,०००. संहितेनुसार वेतनातून वगळता येणारे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे २०,०००. इथे ते २५,००० होतात. वरचे ५,००० वेतनातच धरायचे, म्हणून वेतन झालं २०,०००. दहा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) १५/२६ च्या सूत्राने, म्हणजे वेतन × १५/२६ × नोकरीची वर्षं, ८६,५३८ वरून १,१५,३८५ वर जाते. हिशेब शेवटच्या वेतनावर होत असल्याने मागची सगळी वर्षं त्यात येतात. मालकाला हा आकडा आजच दाखवा, ताळेबंदाच्या वेळी नको. पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच भरत असाल तर हातात येणारा पगार यामुळे कमी होत नाही. कामगार सगळ्यात आधी हेच विचारतात, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत खरी अडचण वेगळीच आहे. राजीनामा असो की काढून टाकणं, देणं दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं. ‘पुढच्या पगारात बघू’ ही जुनी सवय आता कायद्यात बसत नाही. पीसरेटवरच्या, म्हणजे नगावर मजुरी घेणाऱ्या माणसाचे नग त्याच दिवशी मोजून मुकादमाची सही झाली नाही, तर हिशेब तिथेच अडतो. त्यात उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे असतात. एका वेतनकाळातली एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही. १२,००० देणं असताना २०,००० ची उचल सगळी वळती करून माणसाला रिकाम्या हाताने पाठवणं म्हणजे सरळ तक्रारीला आमंत्रण. उचल देतानाच हप्ता ठरवून लेखी घ्या. निघून गेलेल्या माणसाच्या मागे धावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बाकीचं कॅलेंडरवर टाका. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. परिपत्रक उशिरा आलं तरी फरक मागच्या तारखेपासून द्यावा लागतो. कामगार कल्याण निधी जून व डिसेंबरच्या पगारातून: कामगाराचे २५, मालकाचे ७५. व्यवसाय करात महिलांना २५,००० पर्यंत माफी आहे, तरी सॉफ्टवेअरमध्ये जुना स्लॅब राहून त्यांचे पैसे कापले जातात. ते तपासाच. ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा) सहामाहीच्या मध्येच कुणाचं वेतन २१,००० च्या वर गेलं तरी सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत वर्गणी चालू ठेवा. मध्येच थांबवली तर त्याचं ऐन आजारपणात उपचारावाचून अडतं.

बदलाची नोटीस मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लावा, आणि ऑफिसच्या दाराऐवजी हजेरीच्या मशीनजवळ. शिफ्ट बदलताना प्रत्येक जण तिथे थांबतो.