लॉट नंबरखालची भेग

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या शॉपमध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडात बसणारे दांडे, बनतात. प्रोसेसची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या हिवाळ्यात नव्या डिझाइनचा पहिला लॉट फटीग टेस्टसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन तुटतो का ते बघायला, पुण्याच्या लॅबला पाठवला. चौथ्या दिवशी रात्री फोन आला, "साहेब, पहिला पीस गेला. एकतीस लाखांवर."

टेस्ट आयएसओ ७२०६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होती. स्टेमचा खालचा भाग बोन सिमेंटमध्ये जरा तिरका पक्का बसवायचा आणि वरच्या बॉलवर भार द्यायचा, सोडायचा. कमाल भार २,३०० न्यूटन, म्हणजे जवळपास २३५ किलो. अशा ५० लाख फेऱ्या. सेकंदाला १० धरल्या तरी मशीन पावणेसहा दिवस चालतं. माणसाच्या एका पायाची वर्षाला साधारण १० लाख पावलं होतात आणि दर पावलाला खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट जोर येतो. एकतीस लाख म्हणजे तीन वर्षं, हा हिशोब फोन ठेवायच्या आतच डोक्यात झाला होता. माझ्या मावशीचा खुबा बदललेला आहे. ती रोज पंचवटीत घाटाच्या पायऱ्या उतरते. त्या रात्री झोप लागली नाही.

आधी संशय मटेरियलवर. टायटॅनियमचा हा मिश्रधातू, सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमचा, ईएलआय ग्रेडचा, म्हणजे ऑक्सिजनसारखी अशुद्धी खूप कमी ठेवलेला. यात ऑक्सिजन ०.१३ टक्क्यांच्या वर चालत नाही. आमचा आत होता. फोर्जिंगच्या वेळी तापलेल्या टायटॅनियमच्या पृष्ठभागात हवेतला ऑक्सिजन शिरून ठिसूळ थर बनतो, त्याला अल्फा केस म्हणतात. तो राहिला असेल म्हणून एक पीस कापून पाहिला. पिकलिंग, म्हणजे ॲसिडची धुलाई, आणि मशिनिंगमध्ये तो साफ निघाला होता.

मग माझी चूक झाली. मी शॉट पीनिंग वाढवलं. सिरॅमिकच्या बारीक गोळ्यांचा मारा केला की धातूची कातडी दाबली जाते आणि त्या दाबामुळे भेग उघडायला वेळ लागतो. पण मारा प्रमाणाबाहेर गेला की पृष्ठभाग खडबडीत होतो, बारीक घड्या पडतात. दुसऱ्या लॉटमधला पीस अठ्ठावीस लाखांवर तुटला.

तेव्हा पॉलिशिंगचे नाना म्हणाले, "साहेब, कागद बघून झाले. आता तुकडा बघा ना."

तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला. तुटलेल्या तोंडावर पंख्यासारख्या रेघा पसरल्या होत्या. त्यांचा उलटा माग काढत गेलो तर सगळ्या एकाच बिंदूशी येऊन मिळत होत्या. तुकडा कडेवर फिरवला. बिंदूच्या बरोबर वर लेझरने कोरलेल्या लॉट नंबरातला आठाचा आकडा होता. पहिल्या लॉटचा तुकडा काढला. तिथेही भेग त्याच नंबरच्या पट्टीतून निघालेली.

नंबर स्टेमच्या बाहेरच्या बाजूला होता. भार आला की हीच बाजू ताणली जाते. लेझर धातूचा पातळ थर वितळवतो; तो थंड होताना आकसतो आणि ताण मागे ठेवतो. पीनिंगने कमावलेला दाब तेवढ्या जागी गेलेला, कारण मार्किंग पीनिंगनंतर होत होतं. स्टेमच्या मानेवरच्या लेझरच्या खुणेपासून भेग निघून रुग्णाच्या शरीरात स्टेम तुटल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मी त्या आधी वाचायला हव्या होत्या.

नंबर काढून टाकता येत नाही. सांधा उद्या काढावा लागला तर तो कुठल्या लॉटचा, हे त्यावरूनच कळतं. म्हणून जागा बदलली. खूण स्टेमच्या वरच्या खांद्यावर नेली, तिथे ताण फार कमी असतो. पीनिंग जुन्या मापावर आणलं आणि दर शिफ्टला अल्मेन पट्टीचा बाक मोजायला लावला; पीनिंगच्या माऱ्याने ही पातळ स्टीलची पट्टी किती वाकते त्यावरून माऱ्याचा जोर कळतो. ग्राहकाकडून नवं ड्रॉइंग मंजूर व्हायला मात्र दोन महिने लागले. ती वाट बघणं टेस्टपेक्षा जड गेलं.

नवे सहा पीस टेस्टला पाठवले. सहाही पन्नास लाख पार झाले, एकावरही भेग नाही. शेवटचा निकाल आला तेव्हा दुसरी शिफ्ट सुटत होती. नानांना गेटवरच गाठून सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

तो तुटलेला तुकडा लेझर मशीनशेजारी भिंगाखाली ठेवलाय. नवीन ऑपरेटर आला की पहिल्या दिवशी त्याला आधी तो आठ दाखवतो.