बाईंनी दाखवलेल्या मुंग्या

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला. लिहायला बसलो तर डोळ्यांसमोर फक्त बाई. विज्ञानाच्या बाई. कोणत्या, ते आपल्या शाळेच्या माणसाला सांगायला नको. संमेलन, सहली, क्रीडास्पर्धा यांवर बाकीचे लिहितीलच. मी नववीतल्या एका ऑफ तासाबद्दल लिहितो.

इतिहासाचे सर रजेवर होते, म्हणून बाई आल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी निव्वळ टाइमपास म्हणून विचारलं, "बाई, विश्व सुरू कधी झालं?" बाईंनी फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे 'सुरुवात होती', दुसरीकडे 'कायमच आहे'.

दुसरी बाजू आधी मांडली. १९४८ साली हॉईल, बाँडी आणि गोल्ड या शास्त्रज्ञांनी म्हटलं की दीर्घिका एकमेकींपासून लांब जातात हे खरं, पण मधल्या जागेत नवं द्रव्य अगदी हळूहळू तयार होत राहतं. "आपल्या शाळेसारखं. दहावीची पोरं जातात, पाचवीची येतात, शाळा आहे तशीच दिसते." आणि या हॉईल यांचे विद्यार्थी, याच मताचे खंदे पुरस्कर्ते म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर! झालं, अख्खा वर्ग 'कायमच आहे'च्या बाजूला. बाई म्हणाल्या, "आपला माणूस म्हणून मत द्यायला ही काय ग्रामपंचायत आहे? शाळेला कोनशिला आहे. विश्वाची सापडते का, बघू."

मग रांगेने हॉलमध्ये. तो शटरवाला टीव्ही उघडला, चॅनेल नसलेल्या जागी बटण फिरवलं. पडदाभर मुंग्या. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या अँटेनातली खरखर काही केल्या जाईना. कबुतरांनी घाण केलीय म्हणून ती साफ केली (यावर आम्ही किती हसलो!), तरी खरखर तशीच, आकाशाच्या सगळ्या दिशांनी सारखीच. ती विश्वाच्या तापलेल्या बालपणातून उरलेली ऊब होती, आता उणे २७० अंशांपर्यंत निवालेली. "यातल्या थोड्या मुंग्या तिथून आल्यात," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात. "बाई, पोरं बंद पडलेला टीव्ही का बघतायत?"

"बंद नाही सर, चालू आहे."

वर्गात परतल्यावरही बाईंनी 'सुरुवात होती'पुढे बरोबरची खूण केली नाही. 'पुरावा इकडे जास्त' एवढंच लिहिलं. त्याचं मोल मला फार उशिरा कळलं. आज विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं सांगतात, पण ते त्या तप्त अवस्थेपासून मोजलेलं. त्याआधी काही होतं का, यावर अजून एकमत नाही. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा बाईंना फोन करावासा वाटला, पण बाई त्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या.

मी टेलिकॉममध्ये आहे. टॉवरवर चढण्यापासून सुरुवात केली, आता विभाग सांभाळतो. मुलीला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दाखवल्या, तेव्हा अर्ध्या गोष्टी मी बाईंच्याच आवाजात सांगत होतो, असं ती म्हणते.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. डिजिटल वर्ग झकास झालेत, देणगीदारांचं कौतुक आहे. पण त्या पडद्यांवर सिग्नल गेला की निळं दिसतं, मुंग्या येत नाहीत. माझ्याकडे जुना डबा टीव्ही आहे, चालू स्थितीत, अँटेनासकट. प्रयोगशाळेला हवा असल्यास स्वखर्चाने आणून देईन. कार्यालयात तसं पत्र दिलं आहे.